आधी नेक, मग सायडिंग : छोट्या मॉडेल रेल्वेला यार्ड जोडताना

परभणी जिल्ह्यात राहणाऱ्याला रेल्वेची ओढ लागली तर नवल नाही. मनमाड-सिकंदराबाद मार्ग जिल्ह्याच्या आरपार जातो आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पिंगळी, मिरखेल, पूर्णा अशी स्थानके त्यावर ओळीने येतात. परभणीहून एक फाटा गंगाखेडवरून परळीला जातो. पूर्णेहून दुसरा फाटा हिंगोली आणि वाशीमवरून अकोल्याला जातो. एवढ्याशा टापूत दोन जंक्शने आहेत. घरात मॉडेल रेल्वे मांडणाऱ्याला नमुना शोधायला लांब जावे लागत नाही.

बहुतेकांची सुरुवात सारखीच असते. आठ फूट बाय चार फुटांचा प्लायचा एक अख्खा ताव, त्यावर रुळांची एक अंडाकृती फेरी, एखादे स्थानक, एखादा पूल. काही महिने गाडी फिरताना पाहण्यात जातात. मग लक्षात येते की गाडी फिरते, पण तिला कुठे पोहोचायचे नसते आणि काही आणायचे नसते. या टप्प्यावर यार्ड जोडण्याचा विचार मनात येतो. तो योग्यच आहे, कारण रेल्वेचे निम्मे काम यार्डात चालते. गाडी तिथे बनते, तिथे सुटी होते आणि वाघीण तिथूनच आपल्या धक्क्याला लागते.

पण यार्ड आखताना जवळजवळ प्रत्येक जण उलट्या टोकाने सुरुवात करतो. फळीवर किती रूळ शेजारी शेजारी मावतील हे आधी मोजले जाते. यार्डाची खरी ताकद त्यातल्या मोकळ्या जागेत असते. इंजिनाला वाघिणींची रांग घेऊन मागे जायला आणि पुन्हा पुढे यायला जागा नसेल, तर दहा सायडिंगही उपयोगाच्या नाहीत. ती जागा आधी राखली, तर तीन सायडिंगांवर वर्षानुवर्षे खेळता येते. पुढचा सगळा हिशोब या एका गोष्टीभोवती फिरतो.

यार्डात काय काय असते

परभणी किंवा पूर्णा स्थानकावर फलाट तिकीट काढून तासभर थांबले आणि प्रवासी गाड्यांपलीकडच्या रुळांकडे पाहिले, तर यार्डाचे अवयव हळूहळू वेगळे दिसू लागतात. छोट्या मॉडेलला त्यातले पाच पुरतात.

पहिला अवयव म्हणजे आगमन-प्रस्थानाची लाइन. बाहेरून आलेली गाडी मुख्य मार्ग सोडून इथे उभी राहते. आपली सर्वांत लांब गाडी या लाइनवर पूर्ण मावली पाहिजे. तिची शेपटी मुख्य मार्गावर राहिली, तर यार्डातले काम संपेपर्यंत बाकीची रेल्वे ठप्प होते.

दुसरा म्हणजे लूप, आगमन लाइनला समांतर आणि दोन्ही टोकांना तिला जोडलेला रूळ. गाडी घेऊन आलेले इंजिन यावरून वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या टोकाला येते. लूप नसेल तर आत गेलेले इंजिन वाघिणी आणि रुळाच्या टोकाचा बफर यांच्यामध्ये कोंडून पडते.

तिसरा म्हणजे सायडिंग. वाघिणी दिशेप्रमाणे किंवा मालाप्रमाणे इथे वेगळ्या होतात. चौथा म्हणजे तिरपा रूळ, ज्याच्यावरून एकेक सायडिंग फुटत जाते. त्याला आपण शिडी म्हणू.

पाचवा अवयव शंटिंग नेक. शिडीच्या तोंडाशी, सायडिंगांच्या विरुद्ध दिशेला निघणारा हा एक लांब आणि मोकळा रूळ. इंजिन सायडिंगमधून वाघिणी ओढते ती या नेकमध्ये, आणि सांधे, म्हणजे गाडीचा रूळ बदलणाऱ्या जोडण्या, बदलले की इथूनच त्या दुसऱ्या सायडिंगमध्ये ढकलते. नेक मुख्य मार्गापासून स्वतंत्र असेल, तर बाहेर गाडी धावत असतानाही आत शंटिंग चालू राहते. घरात दोघे जण असतील तर एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने यार्ड सांभाळावे. खरी रंगत तिथेच येते.

कोणता काळ, कोणते गेज

रूळ विकत घेण्याआधी आपण कोणत्या काळातले यार्ड करणार हे ठरवा. त्यावर वाघिणीची लांबी ठरते, आणि वाघिणीच्या लांबीवर बाकी सगळे.

जुनी पूर्णा म्हणजे मीटरगेजचे मोठे जंक्शन. निजामाच्या काळात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून बांधलेला हा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभापासून मीटरगेजवर चालला. पूर्णेला इंजिनशेड होती. मनमाडच्या बाजूचे रुंदीकरण १९९० च्या दशकात झाले आणि अकोल्याच्या बाजूचे २००८ च्या सुमारास. आज हा सारा भाग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात आहे.

जुन्या काळात वाघिणी सुट्या सुट्या भरल्या जात आणि वेगवेगळ्या गावांच्या वाघिणी एकाच गाडीत येत. त्यामुळे त्या निवडण्याचे काम यार्डाला सतत असे. १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वे हळूहळू संपूर्ण रेकच्या वाहतुकीकडे वळली. एकच माल, एकच ठिकाण, अख्खी गाडी. निवडीचे काम घटले. तरीही अख्खा रेक धक्क्यावर मावत नसेल तर तो तोडून तुकड्यांनी लावावा लागतो. मॉडेलमध्ये शंटिंगची मजा हवी असेल तर सुट्या वाघिणींचा जुना काळ निवडा. आजचे रूप हवे असेल तर रेक तोडून धक्क्याला लावण्याचा खेळ करा. खाली दिलेला आराखडा दोन्हींना चालतो.

मापांचे गणित असे. एचओ हे सर्वांत प्रचलित प्रमाण १:८७ आहे आणि त्याच्या रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर १९.३ येतात. म्हणजे बाजारातल्या एचओ रुळांवर भारतीय ब्रॉडगेज थोडा अरुंद दिसतो. बहुतेक भारतीय छांदिष्ट ही तडजोड स्वीकारतात, कारण तयार रूळ, सांधे आणि चाके त्याच मापात मिळतात. मीटरगेजची पूर्णा हवी असेल तर १,००० मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे साडेअकरा. त्यासाठी १२ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ अचूक बसतो, मात्र गाड्यांचे साचे बरेचसे स्वतःच करावे लागतात.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. चालती मॉडेल रेल्वे कधी पाहिली नसेल, तर आपली फळी कापण्याआधी तिथे एक फेरी मारावी. सिग्नल, सांधे आणि गाड्या एका वेळी चालताना पाहिल्या की कागदावरच्या रेघा डोळ्यांपुढे हलू लागतात.

किती आखडायचे

खरे यार्ड घरात मावत नाही, हे एका आकड्याने पटते. ब्रॉडगेजवर मालगाडी उभी करायच्या लूपची प्रमाण लांबी ६८६ मीटर धरतात. ८७ ने भागल्यावर ती ७.९ मीटर होते, म्हणजे जवळजवळ २६ फूट. त्यात सांध्यांची लांबी धरलेलीही नाही.

म्हणून आखडावे लागते. वाघीण आणि इंजिन यांचे माप बिघडवायचे नाही, वाघिणींची संख्या कमी करायची. ५८ वाघिणींच्या जागी ५ घ्यायच्या. आणि गाडी, लूप, सायडिंग व नेक यांचे एकमेकांशी असलेले नाते तसेच ठेवायचे. हे नाते टिकले की छोटे यार्डही खऱ्यासारखे वागते.

बीसीएन ही बंद वाघीण कपलरसकट १५.४३ मीटर असते, मॉडेलमध्ये १७७ मिलिमीटर. कोळशाची बॉक्सएन १०.७१ मीटर, मॉडेलमध्ये १२३. तेलाची बीटीपीएन १२.४२ मीटर, मॉडेलमध्ये १४३. आपण सर्वांत लांब वाघीण धरून प्रत्येकी १८० मिलिमीटरचा हिशोब करू. इंजिन २०० आणि गार्डाचा डबा १६० धरू. पाच वाघिणी आणि गार्डाचा डबा मिळून १,०६० मिलिमीटर होतात, इंजिनासकट १,२६०. ही आपली प्रमाण गाडी. हे आकडे स्वतःच्या गाड्या रुळावर जोडून, पट्टीने मोजून बदलून घ्या.

एक नमुना आराखडा

आपले मूळ टेबल ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे २,४४० बाय १,२२० मिलिमीटर आहे असे समजू. त्याच्या उजव्या टोकाला ८ फूट लांब आणि १६ इंच रुंद फळी जोडायची. प्लायचा एक ताव लांबीत तीन भागांत चिरला की अशा तीन फळ्या निघतात. पूर्ण मांडणी १६ फूट होते. एवढी भिंत कायमची अडवणे कोणाही घराला जड जाते. म्हणून फळी ४ फुटांच्या दोन तुकड्यांत करायची आणि खेळताना जोडायची.

आता अंडाकृती फेरीची आपल्या बाजूची सरळ रेघ डोळ्यांपुढे आणा. ती उजवीकडे जिथे वळू लागते तिथे एक सांधा बसवायचा. त्याची वळती बाजू फेरीच्या वळणात जाते आणि सरळ बाजू तशीच पुढे फळीवर येते. ही लाइन १, आपली आगमन-प्रस्थान लाइन.

लाइन १ च्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, ५० मिलिमीटरवर लाइन २ टाका. ती फळीवर लूप म्हणून चालते आणि डावीकडे टेबलावर शिरून, फेरीच्या सरळ रेघेला समांतर, टेबलाच्या डाव्या कडेपर्यंत जाते. टेबलावरचा हा भाग म्हणजे शंटिंग नेक. फेरीची त्रिज्या १८ इंच असेल तर वर्तुळाबाहेर टेबलाच्या कडेपर्यंत साधारण १५० मिलिमीटर उरतात, त्यात नेक सहज बसतो.

लाइन २ पासून आपल्या बाजूला शिडी निघते आणि तिच्यावरून लाइन ३, ४ आणि ५ फुटतात. पाच लाइनींना मिळून मध्यापासून मध्यापर्यंत २०० मिलिमीटर लागतात. उरलेल्या रुंदीत लाइन ५ ला लागून मालधक्का आणि ट्रक उभे राहायचा रस्ता होतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा. या मांडणीत फळी टेबलाच्या कडेपेक्षा सुमारे ८ इंच आपल्या बाजूला बाहेर येते, त्यामुळे खुर्ची आणि दाराची जागा आधी तपासा.

सांध्यांचा हिशोब

सांध्याच्या मापाशिवाय आखलेले यार्ड प्रत्यक्षात कधीच मावत नाही. उदाहरणादाखल पेको कंपनीचे मध्यम त्रिज्येचे सांधे घेऊ. लांबी २१९ मिलिमीटर, त्रिज्या ९१४, कोन १२ अंश. असे दोन सांधे तोंडाला तोंड लावले की समांतर रुळांमध्ये सुमारे ५० मिलिमीटर अंतर पडते. खऱ्या यार्डातले सांधे यापेक्षा फार निमुळते असतात. मालगाड्यांच्या लाइनींना साधारण १ ला ८.५ आणि प्रवासी लाइनींना १ ला १२. आपला १२ अंशांचा सांधा १ ला ४.७ इतका तीव्र आहे. आखडण्याची किंमत इथेही मोजावी लागते.

शिडीवर लागोपाठच्या दोन सांध्यांमध्ये किती अंतर हवे? ५० मिलिमीटरला १२ अंशांच्या साइनने भागले की शिडीच्या रेघेवर २४० मिलिमीटर येतात. सांधा २१९ चा, म्हणून प्रत्येक दोन सांध्यांत २१ मिलिमीटरचा छोटा तुकडा घालावा लागतो. मोठ्या त्रिज्येचा सांधा २५८ मिलिमीटरचा असतो, तो या २४० मध्ये बसत नाही आणि रूळ ५४ मिलिमीटरवर सरकतात. दुकानात जाण्याआधी हे माहीत असले तर पैसे वाचतात.

फळीच्या लांबीवर मोजले तर प्रत्येक वाढीव सायडिंग २३५ मिलिमीटर खाते. म्हणजे एक सायडिंग वाढवले की त्यापलीकडची लाइन सव्वा वाघिणीने तोकडी होते. म्हणून सायडिंगांची हाव आवरायची. रुळांमधले अंतर वाढवायलाही किंमत आहे, दर १० मिलिमीटरला प्रत्येक लाइनमागे ४७ मिलिमीटर लांबी जाते. तरी बोटे जाड असतील किंवा लहान मुले खेळणार असतील तर ५५ ठेवलेले बरे. भारतीय ब्रॉडगेजवर जुन्या कामांत दोन रुळांच्या मध्यांतले किमान अंतर ४.२६५ मीटर होते, मॉडेलमध्ये ते ४९ मिलिमीटर. नव्या कामांत ५.३ मीटर लागते, मॉडेलमध्ये ६१. आपले ५० जुन्या यार्डाला शोभणारे आहे.

आता फळीच्या डाव्या कडेपासून मोजत जाऊ. ० ते ४३८ मिलिमीटरपर्यंत लाइन १ आणि २ ना जोडणारी दोन सांध्यांची जोडी, नेककडून लाइन १ वर जाण्यासाठी. लाइन २ वरचा तिचा सांधा २१९ वर संपतो, तिथूनच लगेच शिडीचा पहिला सांधा. लाइन ३ चा सांधा ६७३ ला संपतो, लाइन ४ चा ९०८ ला, आणि लाइन ५ सुमारे ११३० ला समांतर होते. चार फुटांच्या तुकड्याची कड १,२२० वर आहे. म्हणजे शिडीचा एकही सांधा फळीच्या जोडावर येत नाही आणि पाचही रूळ जोड सरळ ओलांडतात. हे आपोआप होत नाही, आखणीत मुद्दाम साधावे लागते.

उजव्या टोकाला शेवटचे ४० मिलिमीटर बफरला सोडा. त्याआधी २५० मिलिमीटरचा तुकडा इंजिनाला थांबायला, आणि त्याआधी लाइन १ वरून २ वर जाणारी ४३८ मिलिमीटरची दुसरी सांधेजोडी, म्हणजे १,७१२ ते २,१५०. आपले सर्वांत लांब इंजिन २५० पेक्षा मोठे असेल तर हा तुकडा वाढवा. तो तोकडा पडला तर लूपचा उपयोगच संपतो.

एकूण सांधे आठ. फेरीवरचा एक, दोन जोड्यांचे चार, शिडीचे तीन. यार्ड उजवीकडे आणि आपल्या बाजूला असेल तर त्यांपैकी सात डाव्या हाताचे आणि फक्त शिडीचा पहिला उजव्या हाताचा लागतो. आरसा धरल्यासारखी मांडणी उलटी केली तर हातही उलटे होतात.

कुठे किती मावते

दोन रूळ एकमेकांपासून पुरेसे लांब होईपर्यंतची जागा वाघीण उभी करायला वापरता येत नाही, नाहीतर शेजारून जाणारी गाडी तिला घासते. खऱ्या यार्डात त्या जागी फाउलिंग मार्क असतो. मॉडेलमध्ये स्लीपरवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. सायडिंगची लांबी नेहमी या ठिपक्यापासून बफरपर्यंत मोजायची.

तसे मोजले तर लाइन १ वर दोन सांधेजोड्यांच्या मध्ये १,२७० मिलिमीटर मिळतात. आपल्या १,०६० च्या रेकला ते पुरते. लाइन ३ वर १,६००, लाइन ४ वर १,३०० आणि लाइन ५ वर १,२५०. वाघिणींत सांगायचे तर अनुक्रमे ८, ७ आणि ६, एकूण २१.

पण २१ वाघिणी ठेवू नका. सायडिंगे काठोकाठ भरली की एक वाघीण काढायला चार हलवाव्या लागतात, आणि त्या चार ठेवायला जागा नसते. दोन तृतीयांशाच्या वर भरले की छोटे यार्ड अडू लागते. म्हणून १४ वाघिणींवर थांबा. बाकीच्या कपाटात ठेवा आणि गाड्यांबरोबर अदलाबदल करा.

नेकची लांबी ठरवायची रीत सोपी आहे. सर्वांत लांब सायडिंग अधिक एक इंजिन. इथे १,६०० अधिक २००, म्हणजे १,८०० मिलिमीटर. टेबलाच्या बाजूने आपल्याला २,४०० पर्यंत मिळतात. नेक इतका मोकळा मिळाला म्हणून बाकीचे यार्ड छोटे असूनही चालते. तुमच्या घरात नेक १,२०० चाच होत असेल तर सायडिंगेही १,००० वर थांबवा आणि गाडी चार वाघिणींची करा.

एक गाडी येते तेव्हा

आराखडा बरोबर आहे का, हे त्यावरून एक गाडी मनातल्या मनात चालवून कळते. आपले यार्ड पूर्णा आहे. लाइन ३ परभणीच्या दिशेच्या वाघिणींसाठी, लाइन ४ अकोल्याच्या दिशेसाठी, लाइन ५ मालधक्क्यासाठी.

गाडी डावीकडून येते आणि लाइन १ वर थांबते. इंजिन उजव्या टोकाला, मग पाच वाघिणी, शेवटी डावीकडे गार्डाचा डबा. इंजिन सुटे होऊन पुढच्या २५० मिलिमीटरच्या तुकड्यात जाते, उजव्या सांधेजोडीवरून लाइन २ वर येते आणि लूपमधून डावीकडे नेकमध्ये पोहोचते. सांधे बदलून ते डाव्या जोडीवरून लाइन १ वर येते आणि गार्डाच्या डब्याला लागते. मग पूर्ण रेक नेकमध्ये ओढते.

आता शिडीचे सांधे लाइन ५ कडे लावा. इंजिनापासून सर्वांत दूरच्या दोन वाघिणींत पूर्णेसाठी खत आहे. त्या धक्क्यावर ढकला, सोडा, परत या. पुढच्या दोन अकोल्याकडच्या, त्या लाइन ४ वर. उरलेली एक परभणीची, ती लाइन ३ वर. इंजिनापाशी गार्डाचा डबा तेवढा उरतो.

अकोल्याची गाडी बनवायची असेल तर हा डबा आधी लाइन १ वर ढकलून ठेवा. मग लाइन ४ वरच्या वाघिणी नेकमध्ये ओढा आणि लाइन १ वर नेऊन डब्याला जोडा. गार्डाचा डबा आपोआप शेवटाला गेला आणि इंजिन बाहेर निघण्याच्या बाजूला आले. गाडी सुटायला तयार. या सगळ्या वेळात फेरीवर दुसरी गाडी अडथळ्याशिवाय फिरत राहिली. एवढे जमले की आराखडा पास.

वाघिणींना काम देण्यासाठी पुठ्ठ्याची छोटी कार्डे करा. मानवत रोडहून कापसाच्या गाठी, गंगाखेडच्या बाजूने साखर, पूर्णेसाठी धान्य आणि खत. प्रत्येक गाडीआधी पाच कार्डे उचलायची आणि त्याप्रमाणे गाडी लावायची. खेळ रोज वेगळा होतो.

फळी, उन्हाळा आणि वीज

१२ मिलिमीटरचा प्लाय आणि खाली लाकडी पट्ट्यांची चौकट पुरते. आडव्या पट्ट्या सांध्यांच्या बरोबर खाली येऊ देऊ नका, नाहीतर सांध्याची मोटर बसवायला जागा उरत नाही. फळ्या एकमेकींना बोल्ट आणि पंखाच्या नटाने जोडा, आणि त्या प्रत्येक वेळी अचूक बसाव्यात म्हणून दोन पक्क्या खुंट्या ठेवा. जोडावर दोन्ही बाजूंना रुळाचे टोक पितळी स्क्रूवर डाखून घट्ट करा. नुसत्या गोंदावर ठेवलेले टोक महिनाभरात सरकते.

यार्ड सपाट हवे. स्थानकाच्या यार्डात चढ १ ला ४०० पेक्षा जास्त नसावा आणि शक्यतो १ ला १,२०० असावा असा रेल्वेचा दंडक आहे. आपल्या आठ फुटांत १ ला ४०० म्हणजे ६ मिलिमीटर. मॉडेलच्या हलक्या वाघिणी याहून कमी उतारावरही निसटतात, म्हणून गवंड्याची पाणसळ लावून पाय नीट करा.

परभणीचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यात पारा एक आकडी होतो. घरातला फरक ३० अंशांचा धरला तरी आठ फूट रूळ सुमारे सव्वा मिलिमीटर लांबतो. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवा. रूळ मे महिन्यात टाकत असाल तर फट थोडी कमी, डिसेंबरात टाकत असाल तर थोडी जास्त. फट न ठेवलेले रूळ चैत्रात कमानीसारखे वाकतात आणि सर्वांत आधी सांधे बिघडतात.

वायरिंगमध्ये दोन गोष्टींवर तडजोड नको. प्रत्येक लाइनला स्वतःची वीजजोडणी द्या, रुळांना जोडणाऱ्या पत्र्याच्या फिशप्लेटवर विसंबू नका, कारण काळ्या मातीची धूळ आत शिरली की वीज तुटते. आणि यार्ड मूळ फेरीपासून इन्सुलेट करून वेगळ्या बटणावर घ्या. साध्या १२ व्होल्टच्या पद्धतीत लूपच्या टोकाचा २५० मिलिमीटरचा तुकडाही वेगळा करा, म्हणजे आलेले इंजिन तिथे थांबवून शंटिंगचे दुसरे इंजिन चालवता येते. डिजिटल पद्धत असेल तर हे विभाग लागत नाहीत, पण फळीखालची मुख्य वायर जाड हवी.

कापण्याआधी कागदावर

सांधे घेण्याआधी त्यांचे कागदी साचे एकास एक मापात छापून जमिनीवर मांडा. लाइनींच्या जागी सुतळी ताणा. वाघिणींच्या लांबीचे पुठ्ठ्याचे तुकडे कापा आणि वर सांगितलेली गाडी त्यावर हाताने चालवा. नेक तोकडा असेल तर ते इथेच, एक रुपया खर्च होण्याआधी कळते.

सायडिंगांच्या लांबीचा नेम साधायला ॲलन राइट या ब्रिटिश छांदिष्टाने रचलेले कोडे उत्तम आहे. इंगलनूक या नावाने ते ओळखले जाते. तीन सायडिंगे, त्यांत ५, ३ आणि ३ वाघिणींची जागा, आणि नेकमध्ये इंजिन अधिक ३ वाघिणी. एकूण ८ वाघिणी. त्यांतल्या ५ चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि निघालेल्या क्रमाने रांगेत लावायच्या. क्रम ६,७२० प्रकारचे असू शकतात आणि एवढ्याशा जागेत प्रत्येक साधता येतो. आपल्या लाइन ३, ४ आणि ५ वर ठरावीक ठिकाणी खूण केली की हे कोडे तसेच खेळता येते. नेकमध्ये तीन वाघिणींच्या जागी दोनच मावतील असे करून पाहा. खेळ लगेच किती अवघड होतो ते कळते, आणि नेकला आधी जागा का द्यायची हेही पटते.

बांधणी टप्प्याने करा. आधी नेक, लाइन १, लाइन २ आणि दोन सांधेजोड्या. एवढ्यावर गाड्या येऊ लागतात आणि इंजिने वळसा घालू लागतात. शिडीचा पहिला सांधा याच वेळी बसवून टाका आणि त्याच्या तोंडाशी तात्पुरता बफर ठेवा, म्हणजे पुढे टाकलेला रूळ उखडावा लागत नाही. महिनाभर असे चालवा. मग लाइन ५ आणि मालधक्का, त्यानंतर लाइन ४, सर्वांत शेवटी लाइन ३. प्रत्येक टप्प्यानंतर यार्ड अडते का ते पाहा. अडत असेल तर पुढचे सायडिंग टाकू नका, काही वाघिणी उतरवून ठेवा. दोन सायडिंगांवरच तुमचे काम मोकळेपणाने चालत असेल, तर लाइन ३ ची जागा तशीच सोडा आणि तिथे रेल्वे कॉलनीतली चार घरे, एक पाण्याची टाकी आणि कडुनिंबाची झाडे लावा.